अंश मिरवावा, छेद झाकावा

स्थलांतरितांमुळे रोगराई वाढते की नाही, या वादात उडी घ्यायचं ठरवलंय ना? मग आधी निष्कर्ष पक्का करा. आकडे काय, मागून लागतील तसे जमवता येतात.

सुरुवात टक्केवारीने करा. अमेरिकेतला क्षयरोग हे अगदी हुकमी उदाहरण. १९९३ मध्ये तिथल्या क्षयरुग्णांत परदेशात जन्मलेले होते सुमारे २९ टक्के; २०२३ मध्ये सुमारे ७६ टक्के! एवढं बोलून गप्प बसायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. एकूण रुग्ण तेव्हा २५ हजारांच्या घरात होते आणि २०२३ मध्ये साडेनऊ हजारांवर आले, हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलाच तर घात होईल. २५ हजारांचे २९ टक्के काढा की साडेनऊ हजारांचे ७६, उत्तर सव्वासात हजारांच्या आसपासच येतं. म्हणजे परदेशात जन्मलेले रुग्ण होते तेवढेच राहिले, बाकीचे घटले, म्हणून टक्का फुगला. त्यात दरम्यान अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी जन्माच्या लोकांची एकूण संख्याच दुपटीहून जास्त झाली, म्हणजे त्यांच्यातलाही दर उतरला. छेद ही वस्तूच मुळी घातकी.

तुम्ही पलीकडच्या गोटातले असाल तर रुसू नका, तुमचीही सोय आहे. परदेशात जन्मलेल्यांतला क्षयाचा दर आजही स्थानिकांच्या कितीतरी पट आहे, हे सरळ गिळून टाका. त्याऐवजी मृत्युदर काढा. देश सोडून जातात ते बहुतेक तरणेताठे. त्यांची तुलना म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट मोजलेल्या स्थानिकांशी करा आणि स्थलांतरित किती ठणठणीत, म्हणून टाळ्या घ्या. वयाचा हिशेब संख्याशास्त्रवाल्यांना करू दे, त्यांना तसंही कोण बोलावतं.

परदेशात जन्मलेल्यांतले बरेच क्षयरुग्ण वर्षानुवर्षं शरीरात दबून राहिलेला जुना संसर्ग उफाळल्यामुळे आजारी पडतात, तेव्हा तपासणी आणि औषधं त्यांच्यापर्यंत पोचवा, असं एखादा डॉक्टर म्हणेल. हा मुद्दा दोन्ही गोटांच्या निरुपयोगाचा. कुणाला हरवता येत नाही त्याने.

आकडेच नसले तरी हरकत नाही. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत एक चिनी माणूस प्लेगने गेल्याचा संशय आला, तर अख्ख्या चायनाटाउनला, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीला, दोर बांधून येणं-जाणं बंद केलं. आणि त्याच वर्षी पुन्हा बांधला तेव्हा दोर असा वळवला की गोऱ्यांच्या मालकीची दुकानं नेमकी बाहेर राहतील. उंदरांना हा नकाशा दाखवला होता का, असं कुणी विचारलंच तर उलट विचारा, ‘तू नक्की कुणाच्या बाजूचा?’ पुढे आकड्यांचं कुणी नाव काढत नाही.