डाळीचं पीठ, मालिश आणि स्टेरॉइडचं मलम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: डाळीचं पीठ, साय-हळद आणि रोजचं मालिश यांवर घरातल्या चार पिढ्या वाढल्या, आणि माझ्या आधीच्या लेखात पाच महिन्यांच्या बाळाच्या एक्झिम्यावर (कातडी कोरडी, लाल, खाजरी होण्याचा आजार) सरळ स्टेरॉइड सुचवलं आहे. लेखात मलमाचं प्रमाण दिलेलं नव्हतं, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. ते खाली देतो.

मालिशाला विरोध नाही. धडधाकट कातडीवर खोबरेल तेल हलक्या हाताने खुशाल लावा. पण गालांवर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत लाल चट्टे असतील (लंगोटाखालची जागा या आजारात बहुधा सुटते), तर तिथली कातडी गळकी झालेली असते. आतला ओलावा उडतो, बाहेरचं आत शिरतं. पीठ चोळलं की ती आणखी सोलवटते. शिवाय बेसन, साय हे खाण्याचे पदार्थ. फाटलेल्या कातडीतून त्यातली प्रथिनं आत गेली तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी जडू शकते. न्हाऊ घातल्यावरची ओवा-लसणाची धुरीही नकोच.

आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटं. पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतू नका. पुण्यात वाघोली-उंड्रीकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर साबणाचा साका कातडीवर बसतो, म्हणून बिनवासाचा, साबणविरहित क्लेन्झर घ्या. पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. दिवसातून दोनदा तरी. एवढ्या बाळाला आठवड्याला साधारण १०० ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर "काही फरक नाही" याचं कारण तिथेच आहे.

आता स्टेरॉइड. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य मलम, बहुतेकदा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, फक्त लाल चट्ट्यांवर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटं धरून, जागेला पुरते. ३ ते ६ महिन्यांच्या बाळाचा पूर्ण चेहरा आणि मान यांना मिळून अशी एकच रेघ. बिघडतं ते भीतीपोटी दोन दिवसांत थांबवल्याने: लाली अर्धी उरते, चट्टा पुन्हा पेटतो. मग कुणीतरी केमिस्टकडून "खाजेची ट्यूब" आणतं. अशा ट्यूबांमध्ये पुष्कळदा क्लोबेटासोल असतं, हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येक पट तीव्र, वर बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. कातडी पातळ होते ती अशाने. घरात तशी ट्यूब असेल तर बाळाच्या अंगाला लावू नका, ही कळकळीची विनंती.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत लोकरीची कुंची थेट अंगाला नको, आत सुती झबलं-टोपडं घाला. नखं कापलेली ठेवा.

मधासारखी पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, तर डॉक्टरांना दाखवा. एकसारख्या बारीक फोडांचे पुंजके उठले, ताप आला, बाळ मलूल झालं, तर त्याच दिवशी, थांबू नका. ओठावर तापाचे फोड (जर) उठलेल्या कुणालाही बाळाची पापी घेऊ देऊ नका.

आईने दूध-अंडी सोडावीत का, हेही तुम्ही विचारलंत. नुसत्या चट्ट्यांवरून नाही. एखादा पदार्थ पोटात गेल्यावर तास-दोन तासांत गांधी उठत असतील, उलट्या होत असतील किंवा बाळाच्या शीमध्ये रक्त दिसत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि आईचं ताट त्यांच्या सांगण्यानंतरच बदला.