गळ्याचा हिशेब

चारचौघांत आग्रहाखातर गाणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाण्याची खरी पातळी कळू नये, अशी चोख व्यवस्था सभ्य समाजाने करून ठेवली आहे. (आग्रह बहुतेक वेळा माझाच असतो, पण तो तपशील गौण आहे.) गाणे संपले की श्रोते काहीतरी बोलतात आणि ते ऐकून मी माझ्या गळ्याविषयीचे मत सुधारून घ्यावे, अशी अपेक्षा असते. अडचण अशी की, सूर लागला तरी ते ‘छान’ म्हणतात आणि नाही लागला तरी ‘छान’च म्हणतात. काही सज्जन ‘शब्द फार सुंदर आहेत हो’ असे म्हणून सगळे श्रेय कवीच्या पदरात टाकतात. एका गृहस्थांनी तर माझा हात हातात घेऊन, ‘या वयात एवढा उत्साह टिकवलात, हेच मोठे आहे,’ असे सांगितले आणि त्या वाक्याचा अर्थ लावण्यात माझी रात्र गेली.

पुरावा पाहून मत किती बदलावे, याचे गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाने मांडून ठेवले आहे. त्याचा तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्याला स्वतःला ‘छान’ ऐकण्याचा योग आलाच नसावा. त्याचे गणित मी माझ्या गळ्याला लावून पाहिले. समजा, मी चांगला गातो की वाईट, याबद्दल माझा विश्वास अर्धा-अर्धा आहे; चांगल्या गाणाऱ्याला 100 पैकी 98 लोक ‘छान’ म्हणतात आणि वाईट गाणाऱ्यालाही, निव्वळ संस्कारांमुळे, 94 लोक तेच म्हणतात. मग एका ‘छान’मुळे माझा 50 टक्के विश्वास जेमतेम 51 वर जातो. याउलट एक माणूस जरी गप्प राहून छताकडे पाहू लागला, तर तोच विश्वास थेट 25 टक्क्यांवर कोसळतो, आणि तेवढी एक गप्प बसण्याची घटना भरून काढायला सव्वीस-सत्तावीस जणांचे कौतुक लागते. तेही प्रत्येकाने स्वतंत्रपणे केलेले हवे. प्रत्यक्षात पहिला ‘छान’ म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागे माना डोलावतात, म्हणजे अख्खी खोली मिळून फार तर दीड मत भरते.

एवढे गणित कळूनही मन मात्र सोयीचाच हिशेब ठेवते. डेव्हिड आयल आणि जस्टिन राव या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बुद्धिमत्ता आणि रूप यांबाबत ते दुसऱ्या एखाद्या सहभागीपेक्षा वरचे की खालचे, एवढेच सांगितले जाई. चांगली बातमी लोकांनी बऱ्यापैकी गणिताबरहुकूम स्वीकारली, वाईट बातमीची मात्र पुरेशी दखलच घेतली नाही. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटले नाही. छताकडे पाहणाऱ्या गृहस्थांची मान अवघडली असावी, असा निष्कर्ष मी आधीच काढला होता.

शेवटी माणसांना वगळून यंत्रांकडे वळलो. ध्वनिमुद्रणात ऐकू आलेला आवाज माझा नव्हताच. कोणा किरकिऱ्या चुलतभावाचा असावा, तसा होता. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडांतून खर्जाचा भाग अधिक पोचतो, म्हणून तो स्वतःला भारदस्त वाटतो. थोडक्यात, माझ्या गाण्याचा सर्वांत उत्तम श्रोता माझी कवटी आहे आणि तिचे मत ग्राह्य धरता येत नाही. मग फोनवर सूर मोजणारे ॲप घेतले. अर्ध्या स्वराचे 100 भाग करून आपण किती घसरलो, ते त्याचा काटा दाखवतो. मी डोळे मिटून दीर्घ आलाप घेतला आणि डोळे उघडले, तर हिरवा दिवा स्थिर! आनंदाने गप्प झालो, तरी दिवा हिरवाच राहिला. तो छताच्या पंख्याला मिळाला होता. शिवाय हे ॲप जवळच्या स्वरापासूनचे अंतर तेवढे सांगते. कोणता स्वर लावायचा होता, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे चुकीचा स्वर बिनचूक लावणाऱ्याचेही ते मनापासून कौतुक करते.

एका मित्राने अखेर उपाय काढला. तीन ध्वनिमुद्रणे गायकाचे नाव न सांगता मला न ओळखणाऱ्या लोकांना ऐकवायची आणि क्रम लावून घ्यायचा. निकाल आला: माझा क्रमांक तिसरा. पहिल्या क्रमांकाच्या गायकाच्या आवाजात ‘एक वेगळीच खोली’ असल्याचा अभिप्राय होता. मी जरा खिन्नपणेच त्या गायकाचे नाव विचारले, तेव्हा कळले की तोही मीच. मागे सर्दी झालेली असताना गायलेले एक गाणे मित्राने गंमत म्हणून त्यात घातले होते.

श्रोते मूठभर होते, गाणी वेगवेगळी होती, तेव्हा या पुराव्याला फार वजन देता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी ओले केस घेऊन पंख्याखाली बसलेला पाहून पत्नीने विचारले, ‘‘अहो, हे काय चालले आहे?’’

‘‘रियाज,’’ मी म्हणालो.