खोटा धीर कुणी दिला? ‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड,

एएमएच म्हणजे अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती आहे याचा अंदाज देणारं संप्रेरक. ते प्रत्येकीने तपासून ठेवायची गरज नाही आणि आकडा कमी आला म्हणून दिवस राहणारच नाहीत असं नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. त्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते आधी जसंच्या तसं देते. नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं, असं म्हणायला तुम्ही मोकळे.

‘मॅडम, घरबसल्या चार गोष्टी वाचून बायकांना खोटा धीर देणं बंद करा. एएमएच कमी आहे हे वेळेत कळलं असतं तर माझ्या बहिणीची तीन वर्षं वाया गेली नसती. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांचा डोस याच आकड्यावरून ठरवतात, मग तो निरुपयोगी कसा? आणि 2017च्या ज्या अभ्यासाच्या जोरावर तुम्ही एवढं लिहिता, त्यात दिवस राहिले का एवढंच पाहिलंय, बाळं किती जन्मली ते नाही. जरा वाचन वाढवा.’

आधी ‘मॅडम’ म्हणून हात जोडायचे आणि त्याच वाक्यात थोबाडीत द्यायची, ही तऱ्हा मला नवी नाही. वंध्यत्वावर पुरुषाने लिहिलं की तो ‘अभ्यासपूर्ण लेख’ आणि बाईने लिहिलं की ‘घरबसल्या चार गोष्टी’. (तुम्ही पुरुष आहात असं मी धरून चाललेय. नसाल तर जास्तच वाईट वाटेल.) ‘लेखातला अमुक भाग पटला नाही’ एवढं म्हणून भागलं असतं. पण मग ‘सडेतोड’ हे नाव वाया गेलं असतं, नाही का?

तुमचा एक मुद्दा बरोबर आहे, तो लगेच देऊन टाकते. 2017च्या त्या अमेरिकन अभ्यासात 30 ते 44 वयाच्या, आधी वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायका होत्या आणि त्यात गर्भधारणा मोजली, जन्म नाही. लेखात मी ‘दिवस राहण्याची शक्यता’ असंच लिहिलं होतं. तरी फरक ठळक दिसावा म्हणून एक ओळ वाढवली आहे. झालं समाधान? निष्कर्ष त्याने हलत नाही. एएमएच मिलिलिटरमागे 0.7 नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना बारा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता 84 टक्के निघाली, नॉर्मल असलेल्यांना 75. हे आकडे वय वगैरे हिशेबात धरून काढलेले आहेत. आणि 84 जास्त दिसतात म्हणून कमी एएमएच चांगला, असं कुणी कृपा करून समजू नये. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्या फरकाला अर्थ नाही.

डोसचं म्हणाल, तर ‘निरुपयोगी’ हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. आयव्हीएफ करायचं ठरलं की किती स्त्रीबीजं हाती लागतील याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधतात, हे मलाही ठाऊक आहे. तो लेखाचा विषय नव्हता. पुढे जाऊ.

आता ‘खोटा धीर’. हे मात्र मी सोडणार नाही.

माझा एएमएच कमी नव्हता. भरपूर होता. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या त्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केला, शेजारी बरोबरची खूण केली आणि म्हणाले, ‘साठा उत्तम आहे, निर्धास्त राहा.’ (कोण, कुठले, ते विचारू नका.) तो कागद मी फाइलीत सगळ्यात वर ठेवायचे. पाळी दोन-दोन महिने लांबायची, तरी डोळ्यांपुढे तो निळा गोल. साठा उत्तम आहे ना, मग आज ना उद्या होईलच.

पुढे एकदा सोनोग्राफी झाली. अंडाशयाच्या कडेकडेने काळे ठिपके, मोत्यांची माळ गुंडाळून ठेवावी तसे. सोनोग्राफी करणाऱ्या बाई पडद्यावर एकेक ठिपका मोजत होत्या. मग मध्येच त्यांनी मोजणं सोडलं आणि सरळ ‘मल्टिपल’ असं टाइप केलं. मोजायची गरजच उरली नव्हती.

यातलं तुम्हाला कदाचित माहीत असेल, कदाचित नसेल, पण इतर वाचकांसाठी सांगते. तो प्रत्येक ठिपका म्हणजे अर्धवट वाढून थांबलेलं फॉलिकल, स्त्रीबीज जिच्यात वाढतं ती बारीक पिशवी. एएमएच तयार होतं ते अशाच लहान फॉलिकलमधल्या पेशींत. ठिपके जास्त, म्हणून एएमएच जास्त. पण त्यातलं एकही फॉलिकल पूर्ण वाढून फुटत नसेल तर बीज बाहेर येणार कुठून? वर हे वाढलेलं एएमएच फॉलिकलला एफएसएच या संप्रेरकाची हाक नीट ऐकूच देत नाही, म्हणजे वाढ आणखी अडते. माझी जमेची बाजू म्हणून जो आकडा मला दाखवला गेला, तोच माझ्या दुखण्याची खूण होता. 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर प्रौढ बायकांमध्ये पीसीओएसचं, म्हणजे माझ्यासारख्या या दुखण्याचं, निदान करताना सोनोग्राफीऐवजी वाढलेलं एएमएच धरलं तरी चालेल, असं म्हटलंय. आकडा निरुपयोगी असं मी म्हणत नाही ते यासाठीच. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

आणि साठा भरलेला असूनही दिवस राहत नाहीत, हे काही आजचं ज्ञान नाही. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत छापली. अंडाशयं मोठी, बारीक गाठींनी भरलेली, पाळीचा पत्ता नाही. त्यांनी काय केलं असेल? अंडाशयाची पाचरीसारखी फोड कापून काढली. म्हणजे तुमच्या भाषेत साठा कमी केला! सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. आज अशी कापाकापी सहसा कुणी करत नाही, गोळ्यांनी बीज फोडता येतं. त्यातही आधी क्लोमिफीन हेच पहिलं औषध होतं. 2014 साली पीसीओएस असलेल्या 750 बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के जणींना. तेव्हापासून पारडं फिरलं. (जन्मच मोजलेत यात. तुमच्यासाठी मुद्दाम शोधून हाच अभ्यास दिला.)

गोळ्या मीही घेतल्या. बीज फुटायला लागलं, तरी काही होईना. या सगळ्या काळात माझ्या नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झाली नव्हती. बाईत दोष सापडलाय ना, मग पुरुषाला कशाला त्रास? साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा जोडीने असतंच, आणि ती तपासणी सगळ्यात सोपी. शेवटी मीच हट्ट धरला, आणि रिपोर्ट आल्यावर कळलं की गोळ्यांनी हे सुटणारच नव्हतं. मग इक्सी, म्हणजे बीजात सुईने थेट शुक्राणू सोडायचा, जे ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 साली जगापुढे आणलं. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही. माझ्या घरात पाळणा हलला की नाही, यावरून माझा लेख खरा की खोटा ठरवायची सोय मी कुणाला करून देणार नाही.

तर खोटा धीर मला कुठल्या लेखाने दिला नाही, सडेतोड. निळ्या गोलातल्या आकड्याने दिला. त्यामुळे ‘घरबसल्या’ हा शब्द माझ्यापुढे वापरताना जरा जपून.

‘प्रत्येकीने एएमएच करून ठेवावं’ याला विरोध करणारी मी एकटी नाही. अमेरिकेतल्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2019 साली म्हटलंय की, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या बाईला या आकड्यावरून तिच्या पुढच्या गर्भधारणेबद्दल काही सांगू नये. आकडा बीजांच्या संख्येचा अंदाज देतो, दर्जाचा नाही. दर्जा मुख्यतः वयाने घसरतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा एरवीपेक्षा कमी येतो, हे तपासणीची जाहिरात करणारे सांगतात का, तेही एकदा बघा.

तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं, हे मनापासून. पण तुम्ही तिचं वय लिहिलेलं नाही, पाळी कशी होती ते लिहिलेलं नाही, आणि दोष थेट माझ्या लेखावर टाकलात, जो गेल्या महिन्यात आलाय. पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जायचं, चाळिशी ओलांडली असेल तर थांबायचंच नाही, मग एएमएच काहीही असो. हे लेखात आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. आणि त्या तीन वर्षांत मेहुण्यांची तपासणी कधी झाली, तेवढं विचारून घ्या.