महसीरचं नातं एकट्या सीओआयवर ठरवू नका

महसीर या गोड्या पाण्यातल्या माशावरच्या एका लेखात कावेरीतल्या महसीरांचं नातं, म्हणजे कोणता मासा कोणत्या प्रजातीचा हे, फक्त सीओआय या प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकावरून ठरवलंय, त्याला माझी हरकत आहे. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांमधलं, आणि म्हणून केवळ आईकडून येणारं. कावेरीत लोणावळ्याला पैदास केलेल्या निळ्या पराच्या महसीरची, टॉर खुद्रीची, पिल्लं सोडली गेली आहेत. खुद्री मादीचा तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरच्या नराशी संकर झाला, तर सीओआयचा सुमारे 650 डीएनए-अक्षरांचा वाचला जाणारा तुकडा पिल्लाला सरळ खुद्रीच ठरवेल. म्हणून आई-बाप दोघांकडून येणारी, पेशीच्या केंद्रकातली जनुकंही वाचायलाच हवीत. तिथली अडचण वेगळी: महसीरला गुणसूत्रं 100, मूळ संच दुप्पट झालेला. एकाच जनुकाच्या दोन आवृत्त्या एकदम वाचल्या जातात आणि डीएनए वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात शिखरावर शिखर चढतं. आधी क्लोनिंग करून, म्हणजे एकेका आवृत्तीच्या स्वतंत्र प्रती बनवून, त्या वेगळ्या कराव्या लागतात.

डीएनएच्या नमुन्यासाठी पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो, मासा जिवंत सोडता येतो. तो ठेवायला 95 टक्के इथेनॉल (अल्कोहोल) तुकड्याच्या दहापट घ्या आणि दुसऱ्या दिवशी बदलाच, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्यात डीएनए प्रथिनांना जखडला जातो. आणि माशाचा फोटो? तोही हवाच. कुबडा महसीर म्हणजेच टॉर रेमादेवी, हे 2018 मध्ये जनुकांसोबत शरीररचना ताडूनच ठरलं.