‘भांडण कोकणी माणसाच्या रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. कोकणी माणसाच्या डीएनएमध्येच भांडण आहे, भाऊ भावाला पुढे जाऊ देत नाही, म्हणून कोकण मागे राहिलं वगैरे. आणि खाली आपलीच माणसं हसण्याचे इमोजी टाकून "अगदी खरं" म्हणतायत. गावच्या ग्रुपवर एका काकांनी तर लिहिलं, "रक्तातच आसा ता, आता काय करतलंस." काका, आदर ठेवून सांगतो, रक्तावर ढकललं की मग काही करायलाच नको, म्हणून ते सोयीचं वाटतं एवढंच.

आता डीएनएचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये धावून येऊ नका. यावर अभ्यास झालेत आणि भारी झालेत. एक खेळ आहे, 1982 पासून संशोधक लोकांना खेळायला लावतात. दोन अनोळखी माणसं, एकाच्या हातात पैसे देतात आणि सांगतात, यातला किती दुसऱ्याला द्यायचा ते तू ठरव. दुसऱ्याला पटलं तर दोघं आपापला वाटा घेऊन घरी, नाही पटलं तर दोघांनाही ठेंगा. हिशेबाने बघितलं तर शंभरातले दहा मिळाले तरी दुसऱ्याने मुकाट घ्यायला हवेत, शून्यापेक्षा बरेच ना. पण माणसं घेत नाहीत. स्वतःचे दहा घालवतात पण समोरच्याचे नव्वद बुडवतात. (सामाईक आमराई ओस पडू देणारी भावकी आठवली ना? थांबा, तिथेच येतोय.)

स्वीडनमध्ये जुळ्या भावंडांना हा खेळ खेळायला लावला, 2007 साली छापून आलं. कोण कमी वाटा नाकारतो, कोण घेतो, या फरकातला 40 टक्क्यांहून जास्त भाग जनुकांशी जोडलेला निघाला. म्हणजे काकांचं बरोबर? नाही. तो फरक स्वीडनमधल्याच एका माणसात आणि दुसऱ्या माणसात. त्यावरून मालवणचा माणूस असा का आणि कोल्हापूरचा तसा का, याचं काडीचंही उत्तर मिळत नाही, पण फॉरवर्ड बनवणारे नेमकी हीच उडी मारतात.

आणि हार्मोनचं म्हणाल तर तिथे अजून मजा आहे. 2010 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी बायकांना टेस्टोस्टेरॉन (माणसाला भांडखोर करतं असं लोक समजतात ते हार्मोन) देऊन हाच खेळ खेळवला. ज्यांना खरंच दिलं होतं त्या उलट जास्त न्यायाने वाटणी करत होत्या, आणि ज्यांना नुसतं *वाटत होतं* की आपल्याला ते दिलंय त्यांनी हात आखडता घेतला. ते ऑक्सिटोसिन म्हणजे विश्वासाचं हार्मोन (ते दिलं की माणूस समोरच्यावर जास्त विश्वास टाकतो म्हणे) वालं प्रकरण पण 2005 मध्ये जोरात गाजलं आणि 2020 मध्ये बऱ्याच जास्त लोकांवर तपासलं तेव्हा तो परिणाम सापडला नाही. तेव्हा हार्मोनच्या नावाने कोणी रील टाकली तर जरा दमाने घ्या.

मला खरं पटलेलं काम वेगळंच आहे. जोसेफ हेनरिक या मानववंशशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी जगभरातल्या पंधरा छोट्या समाजांत वाटणीचा हाच खेळ नेला, 2001 मध्ये छापलं. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा लोक, घरटी आपापली शेती-शिकार, ते सरासरी 26 टक्के देत होते. आणि इंडोनेशियात लामालेरा गाव आहे, तिथले लोक होडीत मिळून समुद्रात जातात, देवमासा मारतात आणि ठरलेल्या रिवाजाने वाटे पाडतात, त्यांनी सरासरी 58 टक्के दिले. निम्म्याहून जास्त, तेही समोर कोण आहे हे माहीत नसताना!

ब्राझीलचं तर आपल्यासाठीच केलंय असं वाटतं. एका गावचे मच्छीमार तळ्यात एकेकटे मासे मारणारे, दुसऱ्या गावचे समुद्रात टोळीने जाणारे. त्यांना टेनिसचे बॉल बादलीत टाकायला दिले आणि विचारलं, प्रत्येक बॉलमागे पैसे पाहिजेत की दुसऱ्याशी स्पर्धा लावून जास्तीचे? तळ्यावाले स्पर्धेकडे कितीतरी जास्त झुकले. पण खरी गोष्ट पुढे आहे, हा फरक जन्मजात नव्हता, धंद्यात जितकी वर्षं काढली तितका वाढत गेला होता. 2013 चा पेपर आहे. रोजच्या कामाने स्वभाव घडतो हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं टाकत अर्धगोल मारून येते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत बसतात, एकट्याच्या बापाच्याने होणारं काम नाही. बांगडा, तारली, पेडवे जे काय लागेल त्याचे वाटे पडतात, ओढायला हात लावलेल्यालाही मासळी मिळते. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही, होतात, शिव्या तर अशा की लिहायची सोय नाही, पण दुसऱ्या दिवशी दोराला परत तीच माणसं.

आणि त्याच गावात, त्याच आडनावाच्या, त्याच रक्ताच्या घरात आमराईवरून दावे चालू! का? सातबाऱ्यावर पणजोबापासूनची नावं, त्यातली कित्येक माणसं वारलेली, वारस नोंद नाही, उरलेले चाकरमानी मुंबईत, एकाने कलमं लावली, खत घातलं, फवारण्या केल्या आणि आंबा लागला की सगळे हिस्सेदार. सरसनिरस वाटप (जमिनीचा चांगला-वाईट भाग बघून रीतसर वाटणी) करायचं तर सगळे एका जागी यायला हवेत, ते गणपतीत येतात आणि गणपतीत हा विषय काढायचा नसतो. अशा मांडणीत स्वीडनचा माणूस आणून बसवा, तो पण कोर्टात जाईल.

मला काळजी वेगळीच आहे. पर्ससीनवाल्यांनी (मासळीचा थवा मोठ्या जाळ्याने घेरून उचलणारे) आणि एलईडीवाल्यांनी (प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणारे; 2017 पासून एलईडीला बंदी आहे, कागदावर) किनाऱ्याजवळची मासळी उपसली, रापणीला काही लागेना, पोरं एकतर मुंबईला जातात नाहीतर छोटी फायबर होडी घेऊन एकेकटी. म्हणजे समुद्रवाले हळूहळू तळ्यावाले होतायत. वीस वर्षांनी हीच पोरं एकमेकांवर कुरघोडी करताना दिसली की परत कोणीतरी म्हणेल, रक्तातच आहे.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातलं कोणी हे वाचत असेल तर हा प्रयोग आपल्याकडे करून बघा ना, रापणवाले एकीकडे आणि एकेकटे जाणारे दुसरीकडे. ट्रॉलरवाले नकोत, तिथे खलाशी बरेचसे नेपाळी आहेत, तुलना बिघडेल. बॉल तुमचे, बादली मी आणतो.