मराठवाड्यात डाउनहिल जमत नाही म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मराठवाडा सपाट आहे, डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल वेगात खाली आणणं, करायचं तर हिमाचल गाठा. पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन, म्हणजे झटके झेलणारी यंत्रणा, असलेली लाखोंची सायकल नसेल तर नाद सोडा. उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नका, अंग होईल तेवढं मागं टाका. आणि खरी मजा भर पावसात. नव्यानं शिकू पाहणारी पोरं-पोरी यातली पहिली दोन वाक्यं वाचून घरीच बसतात, आणि पुढची पाळून पडतात. पडण्याची काळजी जास्त वाटते, म्हणून हे लिहितोय.

‘मराठवाडा सपाट आहे.’ गोदाकाठ सपाट आहे, मान्य. पण बीड-धाराशिवकडं बालाघाटाची रांग आहे, कन्नड-सोयगावकडं अजिंठ्याचे डोंगर आहेत, आणि संभाजीनगरच्या भोवती तर टेकड्याच टेकड्या. शिवाय शिकणाऱ्याला अख्खा डोंगर लागतोच कशाला? वरून खालपर्यंत नजरेत मावणारा, पायथ्याशी मोकळं मैदान असलेला मुरमाड उतार पुरतो. विश्वचषकाच्या डाउनहिल शर्यतीतली धावसुद्धा जेमतेम काही मिनिटांची असते. मात्र दिसेल तिथं सायकल घालू नये. देवगिरी आणि लेण्यांचे परिसर संरक्षित आहेत, गौताळा अभयारण्य आहे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगी लागते, आणि खासगी माळ असेल तर मालकाला आधी विचारायचं.

‘लाखोंची सायकल हवी.’ 1976 साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरात ज्या उताराच्या शर्यती सुरू झाल्या, त्यात लोक 1930-40च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली पळवत होते. सस्पेन्शन नाही, आणि पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. सुमारे 400 मीटरचा उतार ते त्यावर उतरायचे. आजच्या शर्यतीच्या सायकलीला 200 मिलिमीटरच्या आसपास दबणारं सस्पेन्शन असतं, कारण तिथला वेग, उड्या आणि दगड तसे असतात. तशा ट्रॅकवर ती हवीच. सुरुवातीला मात्र फक्त पुढं सस्पेन्शन असलेली, म्हणजे हार्डटेल, आणि नीट चालणारे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक एवढं बघा. जुनी चांगली मिळाली तरी चालेल. स्वस्तातली दोन्हीकडं स्प्रिंग लावलेली जड सायकल मात्र घेऊ नका. तिचे जोड आणि ब्रेक या कामासाठी केलेलेच नसतात. हार्डटेलवर चाकाखालचा प्रत्येक गोटा पायाला कळतो, आणि शिकताना तेच हवं असतं.

‘पुढचा ब्रेक दाबू नका, अंग मागं टाका.’ मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हा. ब्रेक लागला की सायकलीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला की ते लॉक होऊन घसरतं. सायकल थांबत नाही आणि वाटेवर चर पडतो, ज्यातून पुढच्या पावसात माती वाहून जाते. वेग दुप्पट झाला तर थांबायला जवळपास चौपट अंतर लागतं. एवढ्या वेगात एकट्या मागच्या ब्रेकच्या भरवशावर राहणं म्हणजे नशिबावर सोडणं. माणूस हँडलवरून पलटी खातो तो पुढचा ब्रेक एकदम आवळल्यामुळं, किंवा वळणावर चाक तिरकं असताना दाबल्यामुळं. म्हणून एका बोटानं, हळूहळू दाब वाढवत, चाक सरळ असताना, वळणाच्या आधीच दाबायचा. आपल्याकडं बहुतेक सायकलींना उजवी लिव्हर पुढची असते, तरी आपली तपासून घ्या. सपाट मैदानावर खडूनं रेघ मारा आणि रेघेवर थांबायचा सराव करा. तिथं जमलं की मगच उतार.

अंग फार मागं नेलं की पुढच्या चाकावर वजनच उरत नाही, आणि मुरमाच्या वळणावर ते सरळ निघून जातं. हात ताठ होतात, खड्डा आला की झटका थेट खांद्यात. सीट खाली घ्या. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा थोड्या खाली, वजन पायांवर, कोपरं बाहेर वाकलेली, छाती खाली. तीव्र उतारावर कंबर आपसूक मागं जाते, तेवढी जाऊ द्या. नजर चाकापुढच्या गोट्यावर ठेवू नका, वाट जिकडं जाते तिकडं ठेवा.

‘खरी मजा भर पावसात.’ आपली काळी माती ज्यानं पाहिलीय तो असं म्हणणार नाही. चाक आणि फोर्क (चाक धरणारा दुभागी दांडा) यांच्यामध्ये ती अशी बसते की चाकच फिरत नाही. मुरूम लवकर निथळतो, पण शेवाळलेला काळा दगड आठवडाभर निसरडा राहतो. दिवाळी ते होळी हा आपला खरा हंगाम, उन्हाळ्यात पहाटेच. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, भरून ठेवा.

हेल्मेटबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे यांचे पैसे सायकलीच्या बजेटमध्येच धरा. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. नवी वाट आधी चालत वर जा, म्हणजे सुटे दगड, ओघळ, तारेचं कुंपण दिसतं. बरोबर एक जण असावा, आणि मोबाइलला रेंज कुठं येते ते तुम्हा दोघांनाही आधी माहीत असावं.