भरलेली सॅक परत रिकामी झाली

आज लेकीने आठवडाभर भरत असलेली सॅक रिकामी केली. शाळेचं राजमाचीचं शिबिर रद्द. कारण? पालकांच्या ग्रुपवर काल मध्यरात्रीपर्यंत चाललेली चर्चा. तिथे कमोड आहे का, रेंज येते का, आमचं बाळ गादीशिवाय झोपत नाही. अहो, बाळ सातवीत आहे!

मीही सातवीतच राजमाचीला गेले होते, १९९२ च्या जानेवारीत, शाळेबरोबरच. लोणावळ्याहून किल्ल्याखालच्या उधेवाडीपर्यंत जवळजवळ १५ किलोमीटर, वळकटी पाठीला बांधून चालत. तोवर माझ्या वेण्या रोज आईच घालायची. पहिल्या सकाळी मी कंगवा हातात घेऊन रडत बसले. बाई म्हणाल्या, "आधी चूल पेटवायचीय, मग रड." शेवटी शेजारच्या पथारीवरच्या मुलीने माझ्या वेण्या घातल्या, मी तिच्या. दोघींच्याही वाकड्या. तशाच वेण्यांनी आम्ही पातेल्याच्या बुडाला माती लिंपली, तीन दगडांवर भात चढवला. खाली करपला, वर कच्चा राहिला. वरणात कालवून सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला आणि राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला चढायला निघालो. हे घरात कसं शिकवणार आहात? कुठल्या क्लासला घालणार?

हो, अपघात होतात. काही शाळा शिबिराच्या नावाखाली रिसॉर्टची सहल विकतात, हेही मान्य. मग विचारा ना शाळेला! सोबत शिक्षक किती, मुलींबरोबर बाई कोण, जवळचा दवाखाना कुठे. खडसावून विचारा. पण सरळ रद्द?

भीती मलाही वाटते. संमतीपत्रावर सही करताना माझ्याही पोटात गोळा आला होता. तेव्हा आईला काय वाटलं असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं. तीन दिवस ना फोन, ना निरोप. मी परतले तेव्हा तिने माझ्या वाकड्या वेण्यांकडे बघितलं, सारख्या करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला माझ्यासमोर कंगवा आणि दोन रिबिनी ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

लेकीने सॅकमधून सगळं काढलं, टॉर्च मात्र उशाशी ठेवलाय. नवे सेल घातलेला.

मी ग्रुपवर आत्ताच लिहितेय, की मुख्याध्यापकांना भेटायला शनिवारी जाऊया. आपल्या शाळेतले जे पालक हे वाचताहेत, त्यांनी इथे लाइक करू नका. तिथे येऊन बोला.